मडमेला वळसा घालून

सुमनताई तायडे यांचं नाव आधी लिहिते, प्रवास मागाहून. त्या नसत्या तर मी अमरावतीच्या स्टेशनावरूनच परतीची गाडी धरली असती, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. ताई राजापेठेत राहतात. सरकारी नर्स होत्या, आता निवृत्त आहेत. माझी त्यांची ओळखदेख काही नव्हती. मिरजेत माझ्या शिवणाच्या दुकानाला लागून एक झेरॉक्सवाला आहे, मूळचा तिकडचा, त्याची ही आत्या. एवढ्या धाग्यावर त्यांनी मला घरात ठेवून घेतलं, जेवू घातलं आणि अर्धं वऱ्हाड फिरवलं. देव त्यांचं भलं करो. त्या देव मानत नाहीत, तरी करो.

मी सातवीत शाळा सोडली. शाळेचे गणवेश शिवते, लिहायची सवय नाही. आपल्या मंडळींपैकी कुणी त्या बाजूला गेलेलं नाही, तेव्हा लिहा, असं आपल्या मासिकाच्या संपादकांनी आग्रहानं सांगितलं, म्हणून लिहिते आहे.

जायचं कारण असं झालं. थोरलीच्या सोयरिकीची बैठक होती. मुलाचे मामा चांगले मोकळे गृहस्थ, चहाचा कप हातात घेऊन त्यांनी सहज विचारलं, "तुमचं मूळ गाव कोणतं म्हणायचं?" आमच्या यजमानांनी त्यांचं सांगितलं. मग ते माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "मिशन कंपाउंड." सगळे हसले. मीही हसले. पण मामा थांबले नाहीत. "तसं नव्हे हो, त्याच्या आधीचं." त्याच्या आधीचं आमच्याकडे काही नाही. आमचे पणजोबा दुष्काळात वऱ्हाडातल्या एका मिशनच्या चर्चमध्ये सापडले, चार-पाच वर्षांचे असतील. तिथून त्यांना इतर मुलांबरोबर रेल्वेनं खाली अनाथाश्रमात आणलं. नाव ठेवलं येशूदास. त्याआधी काय हाक मारत होते, कुणाला ठाऊक नाही.

वडील एक गोष्ट मात्र नेहमी सांगायचे, पणजोबांच्या तोंडची. काळ्या दगडाचं चर्च, मागे नदी वळलेली, आणि दाराच्या अगदी समोर एका मडमेची कबर. आत जायचं तर मडमेला वळसा घालून जावं लागे. बस, आमचा सातबारा एवढाच.

नाताळ झाला, शिवणाचं काम थोडं सैल पडलं, आणि मी निघाले. बरोबर दोन पिशव्या बिस्किटं, टॉर्च, दोरी आणि सेफ्टी पिनांचं पाकीट. दोरी कशाला, असं घरी विचारलं. मी म्हटलं, असू दे.

राजापेठ

ताईंचं घर शिकवणीच्या वर्गांच्या मागच्या बाजूला. खाली दिवसभर पोरांच्या स्कूट्यांचा कलकलाट. वर शांत. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी त्यांच्या आजोबांचा फोटो, पांढरे कपडे, हात जोडलेले. दीक्षा घ्यायला नागपूरला गेले त्या वेळचा. ताईंनी चहा ठेवता ठेवता सांगितलं, आजोबा गावातून कोणाकोणाबरोबर निघाले, भाकरी कुणी बांधून दिल्या, परत आल्यावर घरातले देव कोणत्या विहिरीत सोडले. विहीर अजून आहे म्हणे. पाणी चांगलं आहे.

मी ऐकत होते. माणसाला आपल्या आजोबाच्या भाकरी कुणी बांधल्या तेही माहीत असावं?

"तुमचं ठरवून झालं, ताई," मी म्हटलं. "आमचं भुकेनं झालं. लोक अजून टोमणा मारतात, भाकरीसाठी बाटले म्हणून."

ताईंनी गाळणी झटकली. "त्या लोकाईनं देल्ती का भाकर तवा? नाही ना? मंग त्याईनं कावून बोलावं? तुमचा पणजा जगला, म्हणून तू अथी बसून चहा पिऊन राहिली. भुकेनं वाईट ठरवलं नाही बाप्पा."

पहिल्याच दिवशी मला अहोजाहोतून अगंतुगंवर आणलं. मला बरं वाटलं.

संध्याकाळी कच्चा चिवडा दिला. आपण पोहे भाजून चिवडा करतो, तिथे कच्च्या पोह्यांवरच तेल, तिखट, कांदा घालून कालवतात. मी घाबरत घाबरत घास घेतला, की हे पोटाला कसं सोसायचं. मग दोनदा मागून घेतला. दुसऱ्या दिवशी बाजारात गिलावडा खाल्ला. दह्यात बुडवलेला वडा, वर इतकी हिरवी मिरची की माझ्या डोळ्यांतून पाणी. ताई म्हणाल्या, "रड, रड. नवीन माणूस रडतेच."

या बाजूला एक गोष्ट सारखी दिसते. ऑटोत बसलं की ऑटोवाला विचारतो, गाव कोणतं जी तुमचं? ताई सांगतात. तो म्हणतो, मग अमक्यांच्या वाड्याजवळचे का? नाही, पलीकडचे. अच्छा, म्हणजे आमच्या साडूच्या गावाला लागून. आणि उतरताना तो ताईंना मावशी म्हणतो. मी कोपऱ्यात बिस्किटांची पिशवी धरून बसलेली. मला विचारलं की ताई परस्पर सांगून टाकत, "पाहुणी हाये, मिरजेची." संध्याकाळी गावभर धूळ उडवत म्हशी परत येतात, प्रत्येक म्हैस आपापल्या बोळात बरोबर वळते. खरं सांगते, मला त्या म्हशींचाही हेवा वाटला.

सेमाडोह

अमरावतीच्या आसपास मिशनची पडकी चर्चं दोन-तीन आहेत असं ताईंनी चौकशी करून ठेवलं होतं. एक तर शेतातच उभं आहे. छप्पर गेलेलं, आत पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, जुड्या रचलेल्या. मालक म्हणाला, "ऊन लागत नाही अन् चोरबी येत नाही, देवाचं घर हाये म्हणतात." पण नदी नव्हती आणि कबरही नव्हती. आम्ही संत्री घेऊन परत आलो.

मग मेळघाट. परतवाड्याहून बस घाटात चढायला लागली तसा मी ताईंचा पदर धरला. सेमाडोहच्या अलीकडे रस्त्यापासून आत, सागाच्या झाडीत चार भिंती उभ्या आहेत. तिकडे जायला नाक्यावर सांगून जावं लागतं. तिथला माणूस म्हणाला, सकाळीच पलीकडून वाघ गेला, पण तुम्ही जा, काही करत नाही. या "काही करत नाही"चा अर्थ मला अजून लागलेला नाही.

चर्चच्या आत एक मोठं झाड वाढलेलं. वेदी होती तिथे मुळं. खिडकीची कमान मात्र अशी सुबक, की मला लगेच आमच्या चर्चची कमान आठवली, तीच गोलाई. मी हात लावायला पुढे झाले आणि वरून धप्पकन काहीतरी पडलं. मी ओरडले आणि ताईंच्या मागे लपले. ताई माझ्या खांद्याएवढ्या आहेत, त्यामुळे मी लपले म्हणणं बरोबर नाही. माकड होतं. त्यानं माझी बिस्किटांची पिशवी उचलली आणि भिंतीवर बसून आमच्यासमोर खाल्ली.

"घे, वाघाले नाश्ता देला तुनं," ताई म्हणाल्या.

भिंतीवर खडूनं पोरापोरींची नावं लिहिली होती. बदाम काढून, खाली गावाचं नाव. म्हणजे पळून आलेली पोरंसुद्धा गावाचं नाव लिहून जातात. दाराबाहेर मी नीट पाहिलं, पालापाचोळा पायानं बाजूला केला. सपाट जमीन. नदी आहे, पण समोरून जाते, मागून नाही.

परतीच्या बसमध्ये ताई म्हणाल्या, "मी पातूर भागात होते लय वर्सं. तिकडं एका गावात माहित हाये मले, मडमेची कबर. पण दारासमोर हाये का बाजूले, आता आठवत नाही. उद्याच्याले नको, परवा जाऊ. परवा मले तिथं एक काम बी हाये."

काय काम, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. माझ्या मनात तेव्हा दुसरंच चाललं होतं, की या बाईला कुठे म्हणून काम नाही.

मोहदरी

अकोल्याहून पातूर, पातूरहून भरलेली ऑटो. मी ड्रायव्हरच्या शेजारी अर्धी आत अर्धी बाहेर. दोन्ही बाजूंना तूर उभी, काळी जमीन, मधेच कापसाची पांढरी बोंडं. आपल्याकडे उसामुळे लांबचं दिसत नाही. तिथे नजर अडतच नाही. मला ते आवडलं नाही, उघड्यावर पडल्यासारखं वाटतं.

मोहदरी हे गाव डोंगराच्या पायथ्याला. ताई उतरल्या आणि गावानं त्यांना उचलूनच घेतलं. "सुमनबाई आली" अशी हाक एका घरातून दुसऱ्या घरात जात राहिली. एक कॉलेजातली मुलगी सायकल टाकून पाया पडली. ताई म्हणाल्या, "हे माही." नंतर दोन पोरं आली, मिशा फुटलेली. "हे बी माहे." मी म्हटलं, तुमची कशी? तर म्हणाल्या, "म्या उचललेले." मला वाटलं, बाळंतपणं केलेली.

चर्च गावाच्या पलीकडच्या टोकाला. वळण घेतलं आणि मी थांबले.

काळ्या दगडाच्या भिंती, छप्पर नाही. मागे नदी, पाणी थोडंच, पण वळण घेतलेलं, कोयत्यासारखं. आणि दाराच्या बरोबर समोर, तीन पायऱ्यांच्या खाली, पांढरीशुभ्र कबर. वाट तिथपर्यंत सरळ येते आणि मग फुटते, दोन्ही बाजूंनी फिरून पायरीला मिळते. लोकांच्या पायांनी पडलेला तो वळसा मी डोळ्यांनी पाहिला.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बस थोडी."

मी बसले नाही. कबरीपाशी गेले. दगडावर काहीतरी कोरलेलं असणार, मडमेचं नाव, मिशनचं नाव. मिशन तेच निघालं तर गाव हेच. पण त्या गावची माणसं दर वर्षी मडमेला चुना देतात. किती पिढ्या देत आली असतील, कुणास ठाऊक. दगडाचे कोपरेसुद्धा उरलेले नाहीत, कबर उशीसारखी गोल झाली आहे. बोटं फिरवली तर अक्षरांच्या जागी नुसते उंचवटे. मी पिशवीतली दोरे कापायची कात्री काढली आणि टोकानं हळूच एक पापुद्रा उडवला.

"नखबी लावू नको माय तिले."

मागे एक म्हातारी उभी होती, हातात चुन्याचीच बादली. नाव वत्सलाबाई, गावातली सगळ्यांत जुनी बाई, हे नंतर कळलं. घरच्या वावरात सात पिढ्या राबल्या, हेही तिनं मी न विचारता सांगितलं.

"नाव वाचायचं होतं हो आजी."

"आमाले इचार ना. मडमबाई. झालं का?"

"मिशनचं नाव कोरलं असेल, म्हणून. माझे पणजोबा इथं सापडले असतील."

म्हातारीनं बादली खाली ठेवली. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "असन. दुकाळात बाया लेकरं ठेवून जात अथी, त्या पायरीवर. पाह्यत नसत मांगं वळून. आधी हे, मंग दुसरी मडम उचलून आत नेई."

"कुणाची होती ती? या गावातल्या बायांची?"

"गावच्याबी असतीन. दहा गावच्याबी असतीन. रेल्वेकडं जाता जाता ठेवत. ज्या बाईनं ठेवलं ते घरी येऊन सांगन का कोनाले?"

मग तिनं कात्रीनं उडवलेल्या जागेवर बोटानं चुना लावला. मी पाहत राहिले. अर्ध्या नखाएवढं काळं दिसलं होतं, तेही गेलं.

तेवढ्यात गावातून बायका येताना दिसल्या. पुढे एक तरुण मुलगी, अंगाला हळद-तेलाचा वास, पदरात सव्वा महिन्याचं बाळ. ताईंचं काम ते हे.

त्या गावाची ही रीत आहे, दुसरीकडे कुठे नाही म्हणतात. बाळाला पहिल्यांदा घराबाहेर काढलं की आई त्याला चर्चच्या पायरीवर ठेवते आणि मागे न बघता कडुनिंबापर्यंत चालत जाते. मग परगावची बाई, जिचं त्या गावात घर नाही, वावर नाही, नातं नाही, ती बाळाला उचलते आणि मोठ्यानं विचारते, कोणाचं हे लेकरू? आई तिथून सांगते, माझं. गाव कोणतं? मोहदरी. मग गावातली म्हातारी त्या उचलणारीला विचारते, तुझं इथं काय आहे? तिनं म्हणायचं, माझं इथं काहीच नाही. मग बाळ आईच्या हातात द्यायचं. सगळ्या जातींची घरं करतात. ताई नर्स म्हणून तिथे आल्या तेव्हापासून उचलायला त्याच. पोरं जगतात, हात चांगला आहे, अशी समजूत. "हे माही" म्हणजे काय ते मला आत्ता कळलं.

ताई मला म्हणाल्या, "यंदा तू उचल."

मुलीची सासू लगेच बोलली, "नाही नाही, सुमनबाईच पाह्यजे. आमच्या पोरालेबी तुमीच उचललं होतं."

"हे माह्याहून लांबून आली," ताई म्हणाल्या. "इतल्या लांबची परगावची कोनाले भेटली आतापर्यंत?"

बायका हसल्या. कबूल झाल्या. मुलीनं बाळ पायरीवर ठेवलं, दगडावर घडी केलेलं धडपं, त्यावर. तोंड दाराकडे. आणि ती चालायला लागली. कडुनिंबापर्यंत तिनं मागे पाहिलं नाही. मान इतकी ताठ, की तिला पाहायचं होतं हे मागूनही कळत होतं.

मी जागची हलले नाही.

मला ते शब्द म्हणायचे नव्हते. मी दोन गाड्या बदलून, घाबरत, दोरी घेऊन इथे आले ती एकच गोष्ट म्हणायला, की माझं इथं काहीतरी आहे. आणि आता त्याच पायरीवर, त्याच मडमेसमोर, चार बायांच्या देखत म्हणायचं, माझं काहीच नाही. नाही म्हटलं तर रीत पुरी होत नाही. आहे म्हटलं तर मी परगावची राहत नाही. मला ताईंचा राग आला. त्यांना सगळंच आहे, विहीर आहे, आजोबा आहेत, गावभर उचललेली पोरं आहेत, त्यांना हे म्हणायला काय जातं?

ताई माझ्याजवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "नको असन तं मी करते. त्यात काई नाही. पण सांग लवकर, लेकरू उन्हात हाये."

बाळ रडायला लागलं होतं. पायरीवरून हात हवेत हलत होते, बंद मुठी. मी त्या मुठींकडे पाहिलं आणि मनात आलं, पणजोबांना ज्यांनी उचललं त्यांनी दया केली, पोटाला दिलं, शिकवलं, मी त्यांच्या उपकारातच आहे. पण कोणाचं हे लेकरू, असं मोठ्यानं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी कडुनिंबाखालून उत्तर द्यायला त्या दिवशी कुणी थांबलेलं नव्हतं. मला विचारता येत होतं, आणि उत्तर द्यायला आई उभी होती.

मडमेला वळसा घालून मी पायरी चढले. बाळ उचललं. शिवणाच्या कपड्यासारखं हलकं असेल वाटलं होतं, तसं नव्हतं.

"कोणाचं हे लेकरू?" माझा आवाज फाटला. वत्सलाबाई म्हणाली, "जोरानं बोल माय, तिले ऐकू गेलं पाह्यजे."

"कोणाचं हे लेकरू?"

"माह्यं." झाडाखालून आलं.

"गाव कोणतं?"

"मोहदरी."

म्हातारी माझ्याकडे वळली. तिला माहीत होतं मी कशाला आले ते, आत्ताच तर बोललो होतो. तरी तिनं विचारायचं ते विचारलं, पण जरा सावकाश. "तू कोन? तुहं अथी काय हाय?"

बाळानं माझा पदर तोंडात धरला होता.

"मी मिरजेची," मी म्हटलं. "माझं इथं काहीच नाही."

आई पळतच आली. रीतीप्रमाणे तिनं माझ्याकडे पाहायचं नसतं. तिनं पाहिलं नाही. हातातून बाळ गेलं आणि बायका गावाकडे वळल्या, एक-दोघी गाणं म्हणत. मी पायरीवर उभी राहून त्या लेकराकडे पाहत होते. घरी निघालं होतं ते, आईच्या खांद्यावर, आपल्या गावात. इतका हेवा मला आयुष्यात कुणाचा वाटला नाही. सोन्यानाण्याचा नाही, शिक्षणाचा नाही, जितका त्या सव्वा महिन्याच्या पोराचा वाटला.

वत्सलाबाईनं आम्हाला घरी नेऊन भाकरी, वांग्याचं भरीत आणि कढी वाढली. बाळाच्या घरून गूळ आला. गूळ आपल्याइतका चांगला नाही, पण मी सगळा खाल्ला. निघताना म्हातारी म्हणाली, "आपल्या पणजाचं हेच गाव म्हण, कोन अडवते तुले?" मी म्हटलं, नको आजी, मी त्या पायरीवर एकदा 'काहीच नाही' असं म्हणून आले.

आता कुणी गाव विचारलं की मी मिरज सांगते. अडखळत नाही. त्याच्या आधीचं विचारलं तर मडमेच्या वळशाची गोष्ट सांगते, ऐकणाऱ्यानं काय ते ठरवावं.

परत

बसमध्ये ताई खिडकीपाशी होत्या. बाहेर पाहत म्हणाल्या, "माही पोरगी पुण्याले असते. म्हणते, मम्मी, आमच्याकडं सगळं दवाखान्यात होते, तू कायले दगदग करतं? तिले दिवस राहिले तं मले बोलवन का नाही, काय माहित." मग हसून म्हणाल्या, "गावभराचे उचलले बाप्पा म्या."

मी त्यांच्याकडे पाहिलं. लेकरू उचलायच्या ज्या मानाचा मी सकाळपासून हेवा करत होते, तो त्यांनी त्या दिवशी माझ्या हातात ठेवला होता, स्वतः बाजूला उभं राहून.

तेव्हा बोलायचं सुचलं नाही, म्हणून इथे लिहिते, आणि हे छापून आलं की एक प्रत राजापेठेला पाठवणार आहे. ताई, तुमच्या मुलीला दिवस राहिले की मला कळवा. मी मशीन बंद करून पुण्याला येईन. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, रात्रीचं जागणं, सगळं माझ्याकडे लागलं. तिला मी पटवीन, पोरींच्या जातीला कसं पटवायचं ते दोन मुली वाढवून शिकले आहे. तुम्ही नुसतं दारात येऊन उभं राहायचं. बाळ मी उचलणार नाही. ते तुमच्यासाठी ठेवीन.